एकट्याने लाइव्ह लूपिंग कसं करायचं

लूपर म्हणजे तुम्ही वाजवलेला तुकडा पकडून फिरवत ठेवणारा, पायाने दाबायचा पेडल, त्याच्यावर आपण थर चढवत जायचे. गायिका केटी टन्स्टॉलने २००४ मध्ये बीबीसीवर एकटीने गिटार, आवाज आणि अकाईचा हेडरश नावाचा लूपर एवढ्यावरच गाणं उभं केलं होतं, व्हिडिओ शोधून बघाच.

शिकायला एका बटणाचा घ्या, टीसीचा डिटो किंवा बॉसचा आरसी-१. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा पेडल) वगैरे लूपरच्या आधी लावा, नाहीतर सगळेच थर एकदम खरखरतील. गाणंही लूप करायचं असेल तर माइकची पिन लागणारा मोठा लूपर हवा, किंवा मधे मिक्सर.

आता खरी गोष्ट. पहिल्या दाबाला रेकॉर्डिंग सुरू होतं, दुसऱ्याला रेकॉर्डिंग थांबून लूप फिरायला लागतो आणि सगळी मारामारी या दुसऱ्या दाबाची आहे. नवीन माणूस शेवटचा सूर संपायची वाट बघतो, मग दाबतो, मग प्रत्येक फेरीत तेवढी फट राहते आणि वरचं सगळं लंगडतं. १६ मात्रा मोजा, सोळाव्यावर नाही, पुढच्या समेवर पाय पडला पाहिजे, आणि हात थांबवायचा नाही, वाजवतच राहायचं. मेट्रोनोम मिनिटाला ९० ठोक्यांवर लावला तर चार बारचा, म्हणजे या १६ मात्रांचा लूप १०.६७ सेकंदांचा होतो. आठवडाभर नुसतं हेच करा, कंटाळा येईल, येऊ दे.

मग थर. आधी गिटारच्या लाकडावर थाप, मग खालच्या तारांवर बास, मग कॉर्ड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा हलका. तीन-चार पुरे, गाण्याला जागा ठेवा की! आणि सगळे थर चढेपर्यंत लोकांना ताटकळत ठेवू नका, दुसऱ्या थरापासून गायला लागा. गाणंही असं निवडा की ज्यात तेच चार कॉर्ड शेवटपर्यंत फिरतात, कारण या पेडलवर मुखडा-अंतऱ्याचे वेगळे लूप मिळत नाहीत.

स्टेजवर मॉनिटर, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू यायचा स्पीकर, माइकच्या पाठीमागे ठेवा. समोर आला तर ओव्हरडब करताना, म्हणजे नवा थर चढवताना, जुना लूपच परत माइकमध्ये शिरतो आणि दोन-तीन थरांत नुसता चिखल.

थांबायला डबल टॅप. लूप दुसऱ्या टॅपला थांबतो, म्हणजे पहिला टॅप समेच्या किंचित आधी मारायचा, दुसरा बरोबर समेवर, आणि त्याच क्षणी शेवटचा कॉर्ड हाताने.