कॅनकूनचं हॉटेल: आधी किनारा ठरवा, मग खोली

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली की इथे डॅलसमध्ये मला फोन सुरू होतात. "अगं, कॅनकूनला जातोय, कुठलं हॉटेल घेऊ?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन लिंका येतात. प्रत्येकीत तोच निळाशार पूल, त्याच पांढऱ्या खुर्च्या आणि साडेचार तारे. मी त्या उघडतच नाही. उलट विचारते, कोणत्या महिन्यात जाताय आणि बरोबर कोण कोण आहे? एवढं कळलं की निम्मी हॉटेलं आपोआप गळतात.

पूल सगळीकडे सारखेच असतात, समुद्र मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. म्हणून आधी फोटो बंद करा आणि नकाशा उघडा, तोही उपग्रहाचा.

मेक्सिकोतल्या कॅनकूनची हॉटेलं ज्या पट्टीवर आहेत तिला झोना ओतेलेरा म्हणतात. वरून पाहिलं तर ती इंग्रजी सातच्या आकड्यासारखी दिसते. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला निचुप्ते नावाचं खाजण आणि मधून जाणारा कुकुल्कान हा एकच मोठा रस्ता. पत्ते किलोमीटरमध्ये देतात, आणि हाच आकडा तुमच्या कामाचा. साताची वरची आडवी रेघ म्हणजे साधारण नऊ किलोमीटरच्या आतली हॉटेलं. इथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, समोर इस्ला मुहेरेस बेट आडवं येतं, त्यामुळे पाणी उथळ आणि शांत. चार वर्षांचं पोरही कडेला बसून डुंबू शकतं. नऊच्या पुढे पट्टी दक्षिणेला वळते आणि समोर उघडा समुद्र येतो. जाहिरातीतला तो निळा-हिरवा रंग इथलाच, पण लाटाही इथल्याच, आणि पायाखालची वाळू ओढून नेणारा प्रवाहसुद्धा. लाल बावटा लागला की पोरांना दिवसभर पूलमध्येच ठेवावं लागतं. मग समुद्रासमोरच्या खोलीचे जादा पैसे कशाला भरले, असं होतं.

छोटी मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी डोळे झाकून आडवी रेघ सांगते. फक्त एक अडचण आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत अधूनमधून उत्तरेकडून थंड वारा सुटतो, त्याला तिथे नोर्ते म्हणतात. मग एक-दोन दिवस हाच शांत किनारा खवळतो. एरवी काळजी नाही. मोठ्या लाटा बघायच्याच असतील तर आर-१ किंवा आर-२ बस पकडा आणि अठराव्या किलोमीटरच्या आसपास प्लाया देल्फिनेस या किनाऱ्याला उतरा. मेक्सिकोत समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे, हॉटेलच्या मालकीचा नाही. त्यामुळे राहायचं एका किनाऱ्यावर आणि बघायचा दुसरा, हे सहज जमतं.

आता सार्गासमचं बघू. हे तपकिरी समुद्री शेवाळ आहे. २०११ पासून अटलांटिकातून ते ढिगांनी वाहत येतं आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर साचतं. कॅनकूनच्या उभ्या रेघेपासून खाली प्लाया देल कार्मेन आणि तुलुमपर्यंत सगळीकडे. साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये त्रास जास्त. ते कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. हॉटेलवाले पहाटे ट्रॅक्टर लावून काढतात, समुद्रात अडथळ्याच्या जाळ्या टाकतात, पण जोराचा लोंढा आला की कोणाचंच काही चालत नाही. म्हणजे आपली मुलांची उन्हाळ्याची सुट्टी नेमकी यात सापडते.

जून-जुलैमध्येच जायचं असेल तर दोन जागा बघा. इस्ला मुहेरेसचा प्लाया नोर्ते किनारा आणि कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू. दोन्हीकडे हे शेवाळ सहसा फारसं पोचत नाही. कोसुमेलला मात्र बऱ्याच हॉटेलांसमोर वाळू नाही, खडक आहे, आणि पाण्यात शिडीने उतरावं लागतं. मासे बघायला सुरेख, पण वाळूचे किल्ले करायला आलेलं पोर तिथे रडतं. हॉटेलची खरी अवस्था कळायला त्यांच्या साइटवरचे फोटो सोडा. पाहुण्यांनी टाकलेले फोटो तारखेप्रमाणे लावा आणि गेल्या वर्षी तुमच्याच महिन्यात आलेले बघा. त्यात किनाऱ्यावर तपकिरी पट्टा दिसला, तर यंदाही दिसेल असं धरून चाला.

जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त बेभरवशाचे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा वादळाने कॅनकूनची वाळूच वाहून नेली होती, पुन्हा आणून भरावी लागली. या दिवसांत स्वस्त मिळतं ते उगाच नाही. जायचं तर जा, पण पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. तसंच बुकिंग आणखी एका कारणासाठी करा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्टवरचा शिक्का संपलाय आणि हातात नुसतं एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या मुदतवाढीचं मंजुरीपत्र आहे, तर ही सवलत मिळत नाही. आईबाबांचे आणि आपले सगळ्यांचे शिक्के बघितल्याशिवाय पैसे भरायला क्रेडिट कार्ड काढू नका.

कॅलिफोर्नियातली मंडळी मेक्सिकोच्या पश्चिम बाजूच्या लोस काबोसचं विचारतात. वाळवंट थेट समुद्राला भिडतं, देखावा जबरदस्त आहे. पण तिथल्या कितीतरी हॉटेलांसमोर पोहायला मनाईच असते, इतका समुद्र खवळलेला. पोहायचंच असेल तर मेदानो किनाऱ्यालगतचं हॉटेल शोधा. नाहीतर त्याच बाजूचं पुएर्तो व्हायार्ता बरं, खाडीच्या आत आहे आणि डिसेंबर ते मार्च हंपबॅक देवमासे दिसतात.

किनारा ठरला की मग हॉटेल. ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे खाणंपिणं भाड्यातच धरलेलं, घ्यावं का? मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर घ्या. दर दोन तासांनी कोणाला तरी भूक लागते आणि प्रत्येक वेळी बिल बघायला नको वाटतं. नुसतं जोडपं असेल तर मी प्लाया देल कार्मेनमध्ये किंवा इस्ला मुहेरेसवर साधं हॉटेल घेऊन बाहेर जेवायला सांगेन. पैसेही वाचतात आणि जेवणही जास्त चवदार मिळतं. "फक्त प्रौढांसाठी" ही ओळ आधी वाचा, नाहीतर मुलांना घेऊन दारातून परत यावं लागेल.

शाकाहाराची गोष्ट नीट समजून घ्या. बुफेत भात आणि काळा घेवडा दिसला की आपली माणसं खूश होतात. पण भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो आणि घेवडा डुकराच्या चरबीत घोटलेला. त्या चरबीला मान्तेका म्हणतात. "मांस आहे का?" असं विचारलंत तर वाढपी अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी. त्यांच्यासाठी मी बुकिंगच्या आधीच हॉटेलला ईमेल करते: घेवड्यात मान्तेका असतं का, भात कशात शिजवता, आणि शेफ वेगळं करून देईल का? "आमच्याकडे शाकाहारी पर्याय भरपूर आहेत" असं गोलमोल उत्तर आलं तर ते हॉटेल बाद. एका ठिकाणहून उत्तर आलं होतं, "पहिल्या संध्याकाळी शेफला भेटा, घेवडा तेलात करून ठेवू." तिथे सासूबाई रोज सकाळी तव्यासमोर उभ्या राहून मक्याची गरम टॉर्टिया घ्यायच्या, वर घेवडा, अवोकाडो आणि हिरवी चटणी. दुपारच्या जेवणाचं नावसुद्धा काढायच्या नाहीत.

त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ईमेलमध्ये आणखी एक प्रश्न असतो: खोलीपासून जेवणघर किती लांब आणि लिफ्ट आहे का? रिव्हिएरा माया म्हणजे कॅनकूनच्या दक्षिणेचा किनारा, तिथली रिसॉर्टं अफाट पसरलेली असतात, खोलीतून समुद्रावर जायला गोल्फ कार्टची वाट बघावी लागते. झोना ओतेलेरातली हॉटेलं उंच आणि आटोपशीर असतात, तिथे लिफ्टने उतरलं की समुद्र. खोल्यांच्या नावांनाही भुलू नका. "पार्शल ओशन व्ह्यू" म्हणजे गॅलरीच्या कठड्यावर वाकून मान वळवली तर दिसणारा समुद्र. त्यापेक्षा बागेकडची खोली घ्या आणि उरलेले पैसे सहलीला वापरा.

चेक-इनच्या वेळी खोलीमागे दर रात्रीचा पर्यावरण कर वेगळा मागतील. तो खरा आहे, भरा. पण मनगटाला पट्टा बांधल्यावर "जरा इकडे या, टॉवेलचं कार्ड देतो" म्हणून दुसऱ्या टेबलाशी नेलं, की समजा टाइमशेअरवाले, म्हणजे सुट्टीच्या घरात वर्षातल्या काही दिवसांचा हिस्सा विकणारे, आले. फुकट नाश्ता आणि दीड तासाचं भाषण, जे दीड तासात कधीच संपत नाही. विमानतळावर कस्टम्सच्या पुढच्या हॉलमध्येही हीच मंडळी टॅक्सीवाल्यांच्या थाटात उभी असतात. हॉटेलपर्यंतची गाडी घरूनच ठरवा, कंपनीचं नाव आणि भेटायची जागा फोनमध्ये ठेवा आणि कोणाच्याही हाकेला न थांबता थेट बाहेर पडा.