क्लायमेट चेंजचा प्लॅन आधी गावात बनवा, दिल्लीची वाट बघत बसू नका

क्लायमेट चेंज म्हटलं की आपल्याकडं लोकांना वाटतं हे दिल्लीतल्या सायबांचं काम. पण २०१९ चा ऑगस्ट आठवा, २०२१ चा जुलै आठवा, आपल्या बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा सगळ्याच नद्या पात्र सोडून आल्या होत्या, आणि अथणी तालुक्यात तर नदीकाठाला पूर नि वरच्या गावांत टँकर अशी गत असते.

गरीब देशांनी ह्यावर पद्धत बसवलीय. २००१ ला मराकेशला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत त्यांच्यासाठी बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचे तातडीचे आराखडे ठरले, २०१० ला कॅनकूनमध्ये लांब पल्ल्याचे. मला सगळ्यात पटलं ते नेपाळचं, त्यांनी २०१० च्या राष्ट्रीय आराखड्यातच लिहून टाकलं की निदान ८० टक्के पैसा खाली गावापर्यंत गेला पाहिजे, आणि पुढच्याच वर्षी गावाच्या आराखड्याची चौकट पण करून दिली. तीच आपण धरूया.

पहिलं, जुन्याजाणत्यांना आणि बायकांना घेऊन देवळात बसा, शिवाराचा नकाशा काढा, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं, कुठली विहीर कधी आटली ते त्यावर मांडा. बायका पाहिजेतच, कारण पाणी कुठनं आणायचं आणि जनावरं कुठं हलवायची हे त्याच बघतात.

मग कारणं वेगळी काढा, इथं घाई करू नका. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं बघा की, वडगाव-शहापूरच्या शिवारात भात पाण्याखाली जातंय ते पाऊस एकदम कोसळतो म्हणून, पण नाला गाळानं भरलाय म्हणून पण. पाऊस काय आपल्या हातात नाही, गाळ आहे. नुसतं भाताचं बियाणं बदलून दिलं आणि नाला तसाच ठेवला तर तेही बियाणं कुजणारच. खानापूरच्या डोंगरपट्ट्यात आणि निपाणीच्या तंबाखूच्या रानात कारणं आणखी वेगळी निघतील, शेजारच्या गावाचा आराखडा कॉपी मारू नका.

कामांची यादी झाली की नंबर लावताना कुणाची जमीन जास्त हे बघायचं नाही, कुणाचं सगळंच जातं हे बघायचं. नदीकाठचं पत्र्याचं घर आधी, शेतमजूर आधी.

आता पैसा. वेगळा क्लायमेट फंड शोधत फिरण्यापेक्षा हीच कामं पंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात घाला, नेपाळनं पण नेहमीच्याच बजेटमध्ये बसवायचं ठरवलं. त्यासाठी वॉर्ड सभेतच विषय मांडायचा, नंतर ग्रामसभेत. ठराव कानडीत लिहितात, तेव्हा सही करायच्या आधी कानडी येणाऱ्या माणसाकडनं शब्द न् शब्द वाचून घ्या, "नाला दुरुस्ती" एवढंच नको, कुठनं कुठपर्यंत ते पाहिजे. पीडीओंकडनं (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडनं) पोच घ्या, बियाण्याचा विषय रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेतीखात्याच्या ऑफिसात, वेगळा द्या.

आणि दरवर्षी सुगी झाली की तोच नकाशा परत काढून बसा, पाणी ह्यावेळी कुठवर आलं ते नवीन रंगानं मारा आणि यादीतले नंबर त्याप्रमाणं बदला.