केसांच्या उत्पादनांतलं सिलिकोन: बडोद्यात फॉर्म्युलेशनच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

बडोद्यात बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बी.फार्म. करून जी मुलं फॉर्म्युलेशनकडे, म्हणजे उत्पादनाचं सूत्र बनवण्याकडे, वळतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: शॅम्पूसाठी सगळ्यात चांगलं सिलिकोन कोणतं? चांगलं सिलिकोन पुरवठादाराकडे फोन केला की मिळतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते बाटलीत दोन वर्षं जागच्या जागी राहिलं पाहिजे, धुताना वाहून न जाता केसावर बसलं पाहिजे आणि पुढच्या धुण्याला निघालंही पाहिजे. नव्या माणसाने पहिलं वर्ष या तीन गोष्टींवर घालवलं तर ते वाया जात नाही.

आधी कुळ ओळखून घ्या. डायमेथिकोन हे मूळ पुरुष. त्याची जात सेंटीस्टोकवर (सीएसटी, द्रवाच्या घट्टपणाचं एकक) ठरते: ५ सीएसटीचं पाण्यासारखं धावतं, ३५० सीएसटीचं एरंडेलापेक्षा पातळ असतं, ६०,००० चं बरणीतून उतरता उतरत नाही आणि दहा लाखांच्या वर गेलं की त्याला गम म्हणतात. जितकं घट्ट तितकं केसावर टिकतं आणि तितकंच हाताळायला कठीण. डायमेथिकोनॉलच्या साखळीच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल असतं. अमोडायमेथिकोनवर अमाइनचे गट असतात. आम्ल वातावरणात त्यांच्यावर धन भार येतो आणि ब्लीच किंवा रंगाने खराब झालेल्या, म्हणजे जास्त ऋणभारित, भागावर ते नेमकं जाऊन बसतं. फिनाइल ट्रायमेथिकोन चकाकीसाठी. केसाचा अपवर्तनांक सुमारे १.५५, साध्या डायमेथिकोनचा १.४० आणि याचा १.४६, त्यामुळे फरक डोळ्याला दिसतो. पीईजी-१२ डायमेथिकोन पाण्यात विरघळतं, म्हणून पारदर्शक शॅम्पूत चालतं. पण विरघळतं म्हणजे वाहूनही जातं, तेव्हा त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आधी टक्केवारी

सिलिकोन बहुतेक वेळा इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंब पसरवलेलं मिश्रण, म्हणून येतं. ड्रमवर ‘६० टक्के’ लिहिलं असेल तर १०० ग्रॅममध्ये सिलिकोन ६० ग्रॅम, बाकी पाणी, इमल्सिफायर (थेंब वेगळे ठेवणारं द्रव्य) आणि प्रिझर्व्हेटिव्ह. अमोडायमेथिकोनची इमल्शन्स बरेचदा ३५ टक्क्यांची असतात. जुन्या सूत्रात ६० टक्क्यांचं इमल्शन २ टक्के घातलेलं असेल, तर केसाला १.२ टक्के सिलिकोन मिळत होतं. नवा पुरवठादार ३५ टक्क्यांचं देतो आणि तुम्ही पुन्हा २ टक्केच घातलं, तर ते ०.७ वर येतं. शॅम्पू दिसायला तोच, पण ग्राहक म्हणतो केस रुक्ष होतात. म्हणून वहीत नेहमी दोन रकाने ठेवा: घातलेलं वजन आणि त्यातलं सक्रिय सिलिकोन.

पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर इमल्सिफायरचा विद्युतभारही पाहून घ्या. ही बाब इतकी महत्त्वाची आहे की ती न विचारता नमुना मागवूच नये. डायमेथिकोनॉलची अनेक इमल्शन्स टीईए-डोडेसिलबेन्झिनसल्फोनेटवर, म्हणजे ॲनायनिक (ऋणभारित) असतात. ती कॅटायनिक (धनभारित) कंडिशनरमध्ये गेली की इमल्शन फाटतं, पांढऱ्या गुठळ्या होतात आणि कितीही ढवळा, परत बसत नाही. उलट अमोडायमेथिकोनचं इमल्शन पुष्कळदा सेट्रिमोनियम क्लोराइडवर, म्हणजे कॅटायनिक असतं. ते एसएलईएसच्या (सोडियम लॉरेथ सल्फेट, मळ काढणारं ॲनायनिक द्रव्य) शॅम्पूत घातलं की हाच घोळ उलट्या बाजूने. शॅम्पूसाठी ॲनायनिक किंवा नॉनआयनिक (भार नसलेलं), कंडिशनरसाठी कॅटायनिक किंवा नॉनआयनिक. शंका आली तर १०० मिलीच्या बीकरमध्ये आधी थोडं मिसळून रात्रभर ठेवा.

आणि नुसतं डायमेथिकोन तेल शॅम्पूत ओतायचा मोह टाळा. सिलिका मिसळलेलं हेच तेल उद्योगात फेस मारायला वापरतात.

शॅम्पूची १ किलोची बॅच

कंडिशनिंग शॅम्पूचं हे सराव-सूत्र आहे. विक्रीसाठी टिकाऊपणाच्या आणि सुरक्षिततेच्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतील. एसएलईएस २८ टक्के: ३५० ग्रॅम. सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, सौम्य सहायक सफाईद्रव्य) ३० टक्के: ७० ग्रॅम. ईजीडीएस, म्हणजे ग्लायकॉल डायस्टिअरेट: २० ग्रॅम. कॅटायनिक ग्वार (गवारीच्या डिंकाचं धनभारित रूप): २ ग्रॅम. ग्लिसरीन: २० ग्रॅम. डायमेथिकोन इमल्शन ६० टक्के: २० ग्रॅम. सोडियम बेंझोएट ५, सुगंध ५, डायसोडियम ईडीटीए १ ग्रॅम. मीठ ८ ग्रॅमच्या आसपास, सायट्रिक आम्ल लागेल तसं, बाकी आरओचं पाणी.

ग्वार आधी ग्लिसरीनमध्ये कालवा. थेट पाण्यात टाकलं तर बाहेरून फुगलेले आणि आतून कोरे गोळे होतात, ते नंतर गाळणीतच सापडतात. कालवलेलं ग्वार ढवळत्या पाण्यात सोडा आणि सायट्रिक आम्लाने पीएच ६ च्या आसपास आणा. बऱ्याच प्रतींचं ग्वार आम्ल मिळेपर्यंत फुगतच नाही. पंधरा-वीस मिनिटांत पाणी दाटतं. मग ईडीटीए आणि एसएलईएस. एसएलईएस घालताना मिश्रण मध्येच गढूळ आणि तारेदार होतं. घाबरून थांबू नका. ग्वार आणि ॲनायनिक यांचं प्रमाण त्या टप्प्यातून जातंच, आणि सगळं एसएलईएस गेलं की ते पुन्हा मोकळं होतं.

आता ७० ते ७२ अंशांपर्यंत तापवा, ईजीडीएस टाका, एकही पापुद्रा दिसेनासा होईपर्यंत थांबा. इथून पुढे घाई करायची नाही. रुंद पात्याने, हवा न ओढता, सावकाश थंड करा. उतरत्या तापमानात ईजीडीएसचे पातळ स्फटिक बनतात. मोत्याची झाक त्यांचीच, आणि सिलिकोनचे थेंब वर येऊ न देणारी जाळीही त्यांचीच. बर्फाच्या पाण्यात झटकन थंड केलं तर झाक फिकी पडते, जाळी कमजोर होते, आणि टिकाऊपणा पाहायच्या ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवड्यांत बाटलीच्या गळ्याशी तेलकट कडं दिसू लागतं. अशा वेळी दोष सिलिकोनच्या माथी मारतात; तो बहुतेक वेळा थंड करण्याच्या वेगाचा असतो. जाळी पुरेशी नसेल तर ॲक्रिलेट्स कोपॉलिमरचा (दाटपणा देणारं पॉलिमर) आधार घ्या, मात्र मीठ सांभाळून.

सीएपीबी या उतरत्या टप्प्यात जाऊ द्या. ४० अंशांखाली आल्यावर बेंझोएट थोड्या पाण्यात विरघळवून, सुगंध, आणि शेवटी सिलिकोनचं इमल्शन, तितक्याच आरओ पाण्यात हलकेच सैल करून. गरम बॅचमध्ये घातलं तर थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. होमोजनायझर लावला तरी नुकसानच, कारण थेंबांचा आकार पुरवठादाराने ठरवून दिलेला असतो आणि केसावर किती बसणार ते त्याच आकारावर अवलंबून असतं. पीएच ५.० ते ५.३ ठेवा, बेंझोएटला आम्लता लागते. मीठ सर्वांत शेवटी, २ ग्रॅमच्या हप्त्यांनी.

मिठाबद्दल बडोदेकरांसाठी एक खास सूचना. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅच ३८ अंशांवर असताना ती पातळ वाटते, माणूस मीठ वाढवतो, आणि वातानुकूलित क्यूसीत (गुणवत्ता तपासणीच्या खोलीत) २५ अंशांवर तीच बॅच बाटलीतून निघत नाही. नमुना आधी २५ अंशांवर आणा, ब्रुकफील्डवर (दाटपणा मोजायच्या यंत्रावर) मोजा, मग मीठ. मिठाच्या एका मर्यादेनंतर दाटपणा उलटा घसरतो, तेव्हा अंदाजाने घालत जाणं दोन्ही बाजूंनी धोक्याचं. इमल्शनचे ड्रमही त्या शेडमध्ये उघड्यावर ठेवू नका, आणि वापरण्याआधी ड्रम सावकाश लोळवून एकसारखा करा.

केसावर बसलं का?

याची सोपी चाचणी: ईजीडीएस न घालता केलेला नमुना घ्या, कारण मोत्याच्या झाकेत काही दिसत नाही. एक भाग शॅम्पू, नऊ भाग पाणी. जाड शॅम्पूत विरघळलेलं ग्वार पाणी वाढताच एसएलईएसबरोबर बाहेर पडतं आणि धूसर ढग दिसतो. हा ढगच सिलिकोनला केसावर घेऊन जातो. ढग नसेल, तर सिलिकोन वाढवण्याआधी ग्वार आणि पृष्ठसक्रियांचं (एसएलईएस, सीएपीबी) प्रमाण तपासा.

मग केसांच्या बटा. ब्लीच केलेली आणि साधी, दोन्ही. दर ग्रॅम केसाला ०.१ ग्रॅम शॅम्पू, कोमट पाणी, प्रत्येक बटेला सारखाच वेळ, आणि तुलनेला नुसत्या एसएलईएसची बट. कंगवा फिरवणाऱ्याला कोणती बट कशाची ते सांगू नका. पाच वेळा धुऊन पुन्हा पाहा. साठण्याचा प्रश्न तेव्हाच कळतो. आणि बटा फक्त आरओच्या पाण्यात धुऊ नका. ग्राहकाच्या घरी महीचं नळाचं पाणी येतं किंवा बोअरचं जड पाणी, चाचणी दोन्हींत करा.

कंडिशनरचं त्या मानाने सरळ आहे. सिटोस्टिअरिल अल्कोहोल ५ टक्के, सेट्रिमोनियम क्लोराइडचं ३० टक्क्यांचं द्रावण ४ टक्के, ३५ टक्क्यांचं अमोडायमेथिकोन ३ टक्के, तेही ४५ अंशांखाली. पीएच ४ ते ४.५. अमाइनमुळे काही नमुने कालांतराने पिवळट पडतात, म्हणून पांढऱ्या कंडिशनरचा रंग ओव्हनमधल्या नमुन्यातही पाहत राहा.

सिरम: पाण्याचा थेंबही नको

सायक्लोपेंटासिलोक्सेन, म्हणजे डी५: ५९० ग्रॅम. डी५ मध्ये विरघळवलेला डायमेथिकोनॉल गम: ३५० ग्रॅम. फिनाइल ट्रायमेथिकोन ५०, टोकोफेरिल ॲसिटेट ५, सुगंध ५. कृती नुसतं ढवळण्याची, पण भांडं कोरडंठाक हवं. डायप्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये पातळ केलेला सुगंध घातला की सिरम गढूळ होतं. सुगंध देणाऱ्याला सिलिकोनमध्ये विरघळणारा हवा असं आधीच सांगा. एरंडेल यात मिसळत नाही. डी५ने सिलिकोन रबर फुगतं, तेव्हा भरणी यंत्राची गॅस्केटं पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्या.

निर्यात असेल तर डी५ जपून. युरोपात धुऊन टाकायच्या उत्पादनांत डी५ किंवा त्याच कुळातलं डी४ ०.१ टक्का किंवा जास्त असेल तर ३१ जानेवारी २०२० नंतर ते बाजारात आणता येत नाही, आणि २०२४ च्या नियमाने केसावर राहणाऱ्या उत्पादनांनाही, डी६ धरून, ही मर्यादा ६ जून २०२७ नंतर लागू होते. कारण ही वलयी द्रव्यं पर्यावरणात टिकून राहतात. इमल्शनमध्येही त्यांचा अंश उरतो, त्याचा आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या. पर्याय म्हणून २ सीएसटीचं डायमेथिकोन किंवा आयसोडोडेकेन आहे. आयसोडोडेकेनचा ज्वलनांक डी५पेक्षा बराच खाली आहे, तेव्हा हवा खेळती आणि ठिणगी दूर.

भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू आहेत. उत्पादनाचा परवाना राज्याकडून, म्हणजे आपल्याकडे गुजरातच्या औषध प्रशासनाकडून मिळतो. लेबलवर १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात. इथेही सक्रिय टक्केवारीचा तो रकाना लागतो.

अभ्यासात पृष्ठरसायन आणि कोलॉइड या विषयांना वेळ द्या. कलाभवनाच्या, १८९० पासून उद्योगाला लागणारं शिक्षण देत आलेल्या, परंपरेचं शहर आपलं आहे. हे धडे इथे मिळू शकतात. पुढे शिकायचं तर मुंबईच्या आयसीटीतला (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) तेलं, ओलिओकेमिकल्स आणि सर्फॅक्टंट्सचा विभाग पाहा. ‘सिलिकोनने केस गुदमरतात’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की त्वचेबाहेरचा केस मृत असतो, श्वास घेत नाही. साठण्याची तक्रार मात्र खरी असू शकते, ती उडवून लावू नका.

सिलिकोन सांडलं तर लगेच वाळू किंवा भुसा टाकून भरून घ्या, मग डिटर्जंटने घासा. नुसतं पाणी मारलेली लादी आणखी घसरडी होते. काचसामान आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग धुवा. आणि शेजारच्या शेडमध्ये रंगकाम चालत असेल तर सिलिकोनचा फवारा किंवा माखलेले हातमोजे तिकडे जाऊ देऊ नका. त्याचा नखाएवढा अंशही ताज्या रंगाच्या थरावर खड्डे पाडतो.