फुंकायच्या टेस्टचा रिपोर्ट: आधी वरचा कोपरा वाचा

पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीच्या, खोलीत माझी अकरा वर्षं गेली. दिवसभर ‘फुंका, फुंका, अजून, अजून’ ओरडून घसा बसतो, आणि लोक मात्र रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ ही एकच ओळ वाचून कागद पिशवीत टाकतात. आधी वरचा कोपरा बघा: वय, उंची, ‘एथ्निसिटी’ (वंश).

उंची चप्पल काढून मोजलेलीच हवी, तोंडी सांगितलेली नको.

खरी गोम एथ्निसिटीच्या रकान्यात आहे. मशीन तुमचा आकडा ‘प्रेडिक्टेड’शी, म्हणजे तुमच्यासारख्या निरोगी माणसाच्या अपेक्षित आकड्याशी, ताडून बघतं आणि ते प्रेडिक्टेड या रकान्यावर हलतं. दगडखाणीत काम केलेले एक काका आले होते. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर फुंकलेली एकूण हवा) २.६० लिटर. प्रेडिक्टेड ३.४० धरलं तर ७६ टक्के, म्हणजे कमी. ‘इंडियन’ म्हणून दहा टक्के कापले की प्रेडिक्टेड ३.०६, आणि तेच काका ८५ टक्क्यांवर, नॉर्मल! फुंकर तीच, धूळही तीच.

ही कापाकापी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांची फुप्फुसं गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी भरतात असं लिहिलं आणि गुलामगिरीचं समर्थन केलं. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या अ‍ॅस्बेस्टॉस धुळीने फुप्फुसं बिघडल्याच्या दाव्यांत एका कंपनीची मागणी होती की काळ्या कामगारांचे आकडे गोऱ्यांपेक्षा जास्त खराब असले तरच दावा पुढे जावा. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने (फुप्फुसांच्या डॉक्टरांची संघटना) प्रेडिक्टेड काढायचं, वंशाचा रकाना नसलेलं समीकरण, ‘जीएलआय ग्लोबल’, सुचवलं ते थेट २०२३ मध्ये.

तेव्हा टेक्निशियनला विचारा, ‘कुठलं समीकरण लावलंय?’ आम्हाला राग येत नाही. ‘जीएलआय २०१२’ (त्याआधीचं, वंशाचा रकाना असलेलं समीकरण) आणि पुढे ‘अदर’ म्हणजे इतर वंश दिसलं, तर त्यात आपल्याकडचा पुरेसा डेटा नव्हता हे लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ‘जीएलआय ग्लोबल’नेही प्रिंट मागा. पुन्हा फुंकावं लागत नाही. मात्र ऑपरेशनच्या आधी टक्का असा अचानक घसरला तर घाबरू नका, समीकरण बदललंय हे डॉक्टरांना सांगा.

एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर या भानगडीत फारसं हलत नाही, कारण दोन्ही आकडे साधारण सारखेच कापले जातात. मागच्या वर्षीच्या रिपोर्टशी तुलना करताना टक्के सोडा, लिटर बघा. आणि छोट्या मशीनच्या थर्मल कागदावरचे आकडे उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा.