पिलाला 'आणायला' शिकवताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी लॅब्रॅडॉरचं नाहीतर कॉकर स्पॅनिएलचं पिल्लू घेऊन आमच्या मळ्यावर येतं आणि तीच तक्रार सांगतं. टाकलेलं उचलतं, पण देत नाही. किंवा महिनाभर छान आणत होतं, आता ढुंकूनही बघत नाही. तासगाव तालुक्यात राहून गेली वीसेक वर्षं मी ही कुत्री पाळतोय, शिकवतोय. इतक्या वर्षांत चुका त्याच राहिल्या, त्या भोगणारी पिलं तेवढी बदलत गेली. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या जाती पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेल्या. बंदुकीनं पाडलेला पक्षी गवतातून, पाण्यातून शोधायचा आणि पीसही न विस्कटता मालकाच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढं ती शिकार बंद झाली. चांगलं झालं. तरीही जाळ्यात तित्तर-लावा पकडून त्यावर पिल्लू 'तयार' करणारे अधूनमधून भेटतात. तो सरळ गुन्हा आहे आणि पक्ष्याचे हाल वेगळेच. शिवाय जिवंत, फडफडणारा पक्षी तोंडात दिला की पिल्लू दाबून धरायला शिकतं, आणि एकदा जबडा असा कडक झाला की तो मऊ करता करता वर्ष जातं. सगळं शिक्षण डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या कापडी गुंडाळीवर होतं. वास हवाच असेल तर घरच्या कोंबडीची गळालेली पिसं दोऱ्यानं डमीला गुंडाळा.

शिकार नाही तर शिकवायचं कशाला, असं बरेच जण विचारतात. ज्याच्या रक्तात काम आहे त्याला दिवसभर रिकामं बांधून ठेवा, मग ठिबकच्या नळ्या कोण चावतंय ते कळेल.

पिलाच्या मागं धावणं

या एका चुकीनं जितकी कुत्री बिघडलेली मी पाहिली, तितकी बाकी सगळ्या चुका मिळून बिघडली नसतील.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक कॉलेजचा पोरगा आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर घेऊन आला. नाव टायगर. पिवळा, अंगानं भरलेला, डोळ्यांत हुशारी. पोरगा म्हणाला, "काका, ह्यो आणतोय झकास, पण देतच न्हाई बघा." मी म्हटलं, टाक की एकदा. त्यानं डमी टाकली. टायगर बाणासारखा गेला, उचलली, वळला आणि आमच्यापासून दहा फुटांवर येऊन थांबला. पुढचे पाय जमिनीला टेकवले, बूड वर, शेपूट गरागरा. पोरगा एक पाऊल पुढं गेला, टायगर एक उडी मागं. पोरगा धावला आणि अर्धा तास दोघं बेदाण्याच्या शेडभोवती फिरत राहिले. शेवटी त्यानं टायगरला कोपऱ्यात गाठला, जबडा उघडून डमी ओढून काढली, आणि वर पाठीत एक धपाटा.

त्या अर्ध्या तासात टायगर काय शिकला? उचललं की मालक मागं लागतो, मज्जा येते. आणि मालकाच्या हाती सापडलं की मार बसतो. यानंतर ते कुत्रं तुमच्याजवळ कशाला येईल? पिलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तोंडात मिळालेली वस्तू त्याला जगातली सगळ्यात मोलाची वाटते, आणि तुम्ही ती हिसकावणारे.

टायगरला मी तीन आठवडे ठेवून घेतला. घर आणि बेदाण्याचं शेड यांच्यामध्ये आमच्याकडे चार फुटांचा बोळ आहे, पलीकडचं तोंड भिंतीनं बंद. मी बोळाच्या या तोंडाशी जमिनीवर बसायचो आणि डमी आत पंधरा-वीस फुटांवर टाकायचो. उचलल्यावर त्याला परतायला एकच वाट, तीही माझ्यावरून. पहिले दोन दिवस तो आतच डमी घेऊन बसला. मी हाक मारली नाही, पाठ फिरवून बसलो. तिसऱ्या दिवशी मागून गरम श्वास मानेला लागला.

लोक इथंच घाई करतात. पिल्लू जवळ आलं की हात थेट तोंडाकडं. मी डमीला हातही लावला नाही. एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसऱ्यानं कानामागं खाजवत राहिलो. तोंडात डमी तशीच. नाकानं जोरजोरात श्वास चाललेला, कापड लाळेनं ओलं झालेलं, शेपटीचा मार माझ्या गुडघ्यावर. मिनिटभरानं छातीतली धडधड उतरली. मग हनुवटीखाली तळवा नेला, हळू आवाजात "सोड" म्हटलं आणि वाट पाहिली. जबडा सैल झाला, डमी तळव्यात पडली. मी ती लगेच परत त्याच्या तोंडात दिली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की ते डोळे अजून आठवतात. दिलेली वस्तू परत मिळते, हे त्याला आठ महिन्यांत पहिल्यांदा कळलं होतं.

दहाव्या दिवशी त्याला बोळाबाहेर काढलं, पण गळ्यात तीस फुटांचा सुती कासरा सोडून. कासऱ्यानं ओढायचं नसतं. तो पळायची वाट तेवढी बंद करतो. मोकळ्या रानात पिल्लू दुसरीकडं वळलं तर मी उलट दिशेनं चालू लागतो, क्वचित पळतोसुद्धा. पिल्लू माझ्या मागं येतं. मागं धावायचं असेल तर ते त्यानं धावावं.

खाऊबद्दल एक. उकडलेल्या अंड्याचा तुकडा बक्षीस म्हणून चांगला, पण डमी हातात आल्यावर. आधी दाखवलात तर पिल्लू तुमच्यापासून पाच फुटांवर डमी थुंकून खाऊकडं धावेल, आणि मग दर वेळी तसंच.

उसाचं कांडं, दगड आणि दात

हाताला येईल ते फेकू नका. आपल्याकडं उसाचं कांडं सगळीकडं पडलेलं, म्हणून तेच फेकलं जातं. चावलं की त्याच्या ढलप्या निघतात आणि हिरडीत, टाळूत घुसतात. काठी जमिनीत उभी रुतली आणि पिल्लू वेगानं तिच्यावर आलं तर घसा फाटू शकतो. दगडानं दात झिजतात, तुटतात. टेनिसचा चेंडू मोठ्या लॅब्रॅडॉरच्या घशात अडकू शकतो.

डमी घरीच होते. जुन्या जीन पँटचा पाय कापा, आत चिंध्या भरा, दोन्ही तोंडं शिवा, एका टोकाला दोरी. पिलाला पाव किलोच्या आतबाहेर पुरे, मोठ्या कुत्र्याला अर्धा किलो. पाण्यासाठी आत झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली घाला म्हणजे तरंगते.

चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या ठणकत असतात. या काळात डमीवर रक्ताचा ठिपका दिसला किंवा पिल्लू उचलून लगेच टाकू लागलं तर काम बंद ठेवा. 'हट्टी झालाय' म्हणून जबरदस्ती केली की डमी म्हणजे दुखणं हे डोक्यात बसतं. या महिन्यांत बोलावल्यावर येणं आणि बसणं पक्कं करा, तेवढं काम भरपूर आहे.

किती वेळा टाकायचं?

तीनदा. फार तर चारदा. पाहुण्यांना दाखवायला वीस वेळा टाकणाऱ्यांचं पिल्लू एकविसाव्या वेळी गवतात लोळतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच वेळी. चौथ्या फेकीला त्याचे कान उभे असतानाच मी डमी खिशात घालतो. मुलांचं मन मोडतं, पण मी ऐकत नाही.

घरात कुणी "ये" म्हणतं, कुणी "कम", आजी "यु यु" करते. एक शब्द ठरवा. तोही एकदाच म्हणा.

पाणी

पाणी न पारखता कुत्रं आत पाठवणं ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे, आणि तिच्याबद्दल मला दरवर्षी ओरडून सांगावंसं वाटतं.

राणी माझी काळी लॅब्रॅडॉर, तेव्हा चौदा महिन्यांची. कवठेमहांकाळकडं मेहुण्याचं शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. पाणी निवळशंख, मी डमी मध्यावर टाकली. राणी सुरेख पोहत गेली, उचलली, काठाला आली. पुढचे पाय कागदावर ठेवले आणि सरकन खाली. पुन्हा चढली, पुन्हा खाली. नखं कागदावर घासल्याचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. पाचव्या-सहाव्या वेळी तिचं नाक पाण्याखाली गेलं, पण डमी तोंडातून सुटली नाही. मेहुण्यानं माझे पाय धरले, मी काठावर पालथा पडून तिच्या गळ्यातला कासरा कसाबसा पकडला आणि आम्ही तिला ओढून काढली. कासरा नसता तर राणी गेली असती. सरळ उतार, शेवाळलेला कागद आणि ओलं अंग असलं की कितीही पट्टीचं पोहणारं कुत्रं वर येऊ शकत नाही. माणसंही अशाच तळ्यांत जातात.

मग लोक म्हणतात, कृष्णा आहे की. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्या पात्रात पोहणारं कुत्रं पाठवू नका. घाट ओळखीचा आहे म्हणून तर नाहीच.

माझी सवय अशी. मातीचा, हळूहळू खोल होत जाणारा पाझर तलाव शोधतो. आधी आजूबाजूच्या गुराख्याला विचारतो, मग गुडघाभर पाण्यात स्वतः उभा राहतो आणि डमी हातभर अंतरावर, पिलाचे पाय टेकतील अशा जागी सोडतो. तिथून पोहण्यापर्यंत जायला आठवडा लागो की महिना. पिलाला उचलून पाण्यात फेकणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पिल्लू त्याच्या हातातून काढून घेतो.

आवाजाची भीती

विट्याकडचा एक कॉकर. मालकानं 'एकदाच सवय होऊ दे' म्हणून त्याच्या शेजारी सुतळी बॉम्ब लावला. पुढं ते कुत्रं काडेपेटी खुळखुळली तरी बैलगाडीखाली शिरायचं. मी त्याच्यासाठी काही करू शकलो नाही. आवाजाची सवय लावायची तर पिल्लू जेवत असताना दोनशे पावलांवर कुणाला तरी ताट वाजवायला सांगा. त्यानं मान वर करून पुन्हा खायला सुरुवात केली तर दोन-तीन दिवसांनी दहा पावलं जवळ. खाणं थांबलं तर पुन्हा लांब. दिवाळीच्या आठवड्यात डमी बंदच.

बाकीचं थोडक्यात

विजेचा झटका देणारा पट्टा ऑनलाइन मिळतो आणि नवशिक्यांना तो सगळ्यावरचा उपाय वाटतो. ज्याला आपलं पिल्लू कधी घाबरलंय हेच ओळखता येत नाही, त्याच्या हातात ते बटण नको.

फेब्रुवारी सरला की सकाळी आठच्या आत काम आटपा. लॅब्रॅडॉरच्या अंगावर थंड पाण्यासाठी बनलेला दुहेरी केसांचा थर असतो. जीभ रुंद होऊन लोंबली, लाळ चिकट झाली, चाल डळमळली तर सावलीत न्या, पोट आणि पंजे पाण्यानं भिजवत राहा आणि डॉक्टरांना फोन करा.

कारवानी, पश्मी ही आपली देशी शिकारी कुत्री पाळणाऱ्यांनी या लेखावरून आपल्या कुत्र्याला दोष देऊ नये. ती नजरेनं हेरून पाठलाग करणारी जात आहे, हातात आणून देणं तिच्या पिंडात नाही.

द्राक्षबागेत औषधाची फवारणी झाली असेल तर त्या बाजूला डमी टाकू नका. पिल्लू पानं, गवत, माती सगळं चाटत येतं.

आणि काम संपलं की डमी पिलाजवळ पडू देऊ नका. खेळणं झालं की ते कुरतडतं, कुरतडलं की उद्या दाबून धरतं. आमच्याकडं ती गोठ्यात दावणीच्या वर खुंटीला टांगलेली असते. सकाळी मी खुंटीकडं हात नेला की टायगरचं पिल्लू, आता माझ्याकडंच असतं, दारात येऊन बसलेलं असतं.