आयबी डिप्लोमातील तीन बोनस गुण कसे मिळतात आणि त्यासाठी काम कसे आखावे

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी डिप्लोमाचा निकाल 45 गुणांपैकी लागतो. त्यातले 42 गुण कुठून येतात हे मुंबई-पुण्यातल्या आयबी शाळांमधील पालकांना पहिल्या महिन्यातच पाठ झालेले असते: सहा विषय आणि प्रत्येकाला 1 ते 7 पर्यंत श्रेणी. उरलेले तीन गुण अभ्यासक्रमाच्या गाभ्यातून, म्हणजे ज्याला शाळेत सगळे ‘कोअर’ म्हणतात त्यातून येतात, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षाची दिवाळी उलटेपर्यंत कुणाचे फारसे लक्ष नसते. मार्गदर्शक शिक्षक म्हणून या मुलांसोबत काम करताना मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याच गुणांसाठी, कारण ते कठीण असल्यामुळे क्वचितच जातात. बहुतेक वेळा ते उशिरामुळे जातात.

कोअरचे तीन भाग आहेत. पहिला थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे टीओके, ज्यात आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असे आपण कशाच्या आधारे म्हणतो याचा विचार करायचा असतो. दुसरा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे जास्तीत जास्त 4000 शब्दांचा स्वतंत्र संशोधनपर निबंध. आणि तिसरा क्रिएटिव्हिटी, अॅक्टिव्हिटी, सर्व्हिस, ज्याला मुले ‘कॅस’ म्हणतात. यांपैकी टीओके आणि एक्स्टेंडेड एसे यांना ए पासून ई पर्यंत श्रेणी मिळते आणि या दोन श्रेणींच्या जोडीवरून बोनस गुण ठरतात. कॅसला एकही गुण नाही, परंतु ते पूर्ण झाल्याशिवाय डिप्लोमाच मिळत नाही.

या तीन गुणांचे मोल समजून घेण्यासाठी एक साधी तुलना करावी. कोणत्याही एका विषयात 6 ची श्रेणी 7 वर नेली की एकूण बेरजेत एक गुण वाढतो, आणि हायर लेव्हलच्या, म्हणजे जास्त खोलात शिकायच्या, एका विषयासाठी अभ्यासक्रमात सुमारे 240 तास धरलेले असतात. तीन विषयांमध्ये एकेक पायरी वर चढल्यावर जितके मिळेल, तितके कोअरमधून मिळू शकते, आणि तेही असे काम करून जे बहुतांशी परीक्षेच्या हॉलबाहेर, आपल्या वेळेने आणि आपल्या निवडीच्या विषयावर करायचे असते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांची अट 38 ते 40 गुणांची असते आणि त्या आकड्यात कोअरचे गुण धरलेले असतात. काही विद्यापीठे मात्र हायर लेव्हलच्या विषयांकडेच मुख्यतः पाहतात. म्हणून आपल्याला आलेल्या ऑफरचे पत्र शब्द न् शब्द वाचावे.

आता मुख्य मुद्दा, तो म्हणजे श्रेणींच्या जोडीचा तक्ता. दोन्हींमध्ये ए असेल, किंवा एकात ए आणि दुसऱ्यात बी असेल, तर पूर्ण तीन गुण मिळतात. ए आणि सी, ए आणि डी, बी आणि बी, तसेच बी आणि सी या जोड्यांना दोन गुण आहेत. बी आणि डी, किंवा सी आणि सी, यांना एक गुण आहे. सी आणि डी, किंवा दोन्ही डी, यांना शून्य. कोणती श्रेणी टीओकेची आणि कोणती निबंधाची याने काहीही फरक पडत नाही.

हा तक्ता शाळेच्या फलकावर लावलेला असतो, पण तो नीट वाचला जात नाही, आणि माझ्या मते सगळे नियोजन त्यातूनच सुरू व्हायला हवे. सी आणि डी असलेल्या विद्यार्थ्याने डीचा सी केला तर शून्याचा एक होतो. बी आणि डी असलेल्याने तेच केले तर एकाचे दोन होतात. म्हणजे दुबळी बाजू डीमधून बाहेर काढणे हा बहुतेकांसाठी सर्वांत लवकर फळ देणारा प्रयत्न आहे. उलट बी आणि सीवर उभे असलेल्याने केवळ सीचा बी केला, किंवा केवळ बीचा ए केला, तरी गुण दोनच राहतात. तिसरा गुण हवा असेल तर त्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. एकात ए आणि दुसऱ्यात बी पक्का झाला असेल, तर दुसऱ्या ए साठी जागवलेल्या रात्री बेरजेत काहीच घालत नाहीत, आणि तो वेळ गणिताला किंवा भौतिकशास्त्राला देणे शहाणपणाचे ठरते. म्हणून अकरावीच्या अखेरीस, म्हणजे डिप्लोमाचे पहिले वर्ष संपताना, आपल्या टीओके शिक्षकांना आणि निबंधाच्या सुपरवायझरना एकच प्रश्न विचारावा: आज काम द्यायचे झाले तर मला कोणती श्रेणी मिळेल? मिळालेली दोन उत्तरे तक्त्यावर ठेवली की पुढचे चार महिने कुठे द्यायचे ते दिसते.

तक्त्यात ई या श्रेणीला जागाच नाही, आणि हे फार गांभीर्याने घ्यायला हवे. टीओके किंवा एक्स्टेंडेड एसे यांपैकी एकातही ई आला, किंवा काम सादरच झाले नाही, तर विषयांत 40 गुण असले तरी डिप्लोमा मिळत नाही. डिप्लोमासाठी किमान 24 गुण लागतात, हायर लेव्हलमध्ये किमान 12 लागतात, अशा इतर अटीही आहेतच. पण हुशार मुलांचा घात करणारी अट बहुधा हीच असते, कारण ती त्यांच्या ध्यानीमनी नसते.

एक्स्टेंडेड एसेची श्रेणी खरे तर प्रश्न ठरतो त्याच आठवड्यात अर्धी ठरून जाते. एक उदाहरण घेऊ. रसायनशास्त्रात निबंध लिहू इच्छिणारी एखादी विद्यार्थिनी ‘आवळ्यातील क जीवनसत्त्व’ हा विषय घेऊन येते. हा विषय आहे, प्रश्न नव्हे. त्याला आकार दिला की तो असा होतो: आवळ्याचा ताजा रस 4 अंश आणि 30 अंश सेल्सिअस तापमानाला सात दिवस ठेवला असता त्यातील क जीवनसत्त्वाचे प्रमाण किती वेगाने घटते? आता काय बदलायचे, काय मोजायचे आणि किती दिवस मोजायचे हे प्रश्नातच आले. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडीनच्या टायट्रेशनने हे मोजता येते. पण निबंधाला वरची श्रेणी मिळते ती यापुढच्या पायरीवर. आवळ्यात टॅनिनसारखी इतर द्रव्येही भरपूर असतात, तीही आयोडीनशी अभिक्रिया करतात, आणि त्यामुळे मोजलेला आकडा खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त येऊ शकतो. हे ज्या विद्यार्थिनीने स्वतःहून ओळखले, त्याचा आपल्या निष्कर्षावर किती परिणाम होतो हे मांडले, आणि ‘काही मानवी चुका झाल्या असतील’ असे मोघम वाक्य लिहून ती मोकळी झाली नाही, तिचा निबंध वेगळा उठून दिसतो. 2027 च्या परीक्षांपासून लागू होणाऱ्या नव्या मार्गदर्शिकेत निबंधाला एकूण 30 गुण आहेत आणि त्यांपैकी 14 गुण विश्लेषण, युक्तिवाद, चर्चा आणि मूल्यमापन यांनाच आहेत. माहिती गोळा करून ती सुवाच्य मांडणे यावर बी च्या वर जाता येत नाही, ते याचमुळे.

निबंधासाठी सुमारे 40 तासांचे काम अपेक्षित असते आणि सुपरवायझरने एका विद्यार्थ्याला एकूण तीन ते पाच तास द्यावेत असे आयबी सांगते. यात तीन औपचारिक चिंतन-बैठका येतात. शेवटची बैठक, जिला व्हायवा म्हणतात, निबंध पूर्ण झाल्यावर होते. सुपरवायझर पूर्ण कच्च्या मसुद्यावर एकदाच अभिप्राय देऊ शकतात. याचा अर्थ अर्धवट मसुदा दाखवून ती संधी खर्च करू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोग किंवा वाचन संपवावे, जूनमध्ये लेखनाला बसावे आणि गणपतीच्या आधी पूर्ण मसुदा सुपरवायझरच्या हाती द्यावा, असे वेळापत्रक मे महिन्यात परीक्षा देणाऱ्या मुलांना मी सुचवतो. 4000 ही शब्दांची कमाल मर्यादा आहे आणि परीक्षक त्यापुढचे वाचत नाही. निष्कर्ष 4100 व्या शब्दाला सुरू होत असेल तर तो लिहिलाच नाही असे समजावे. त्याच विषयाच्या इंटर्नल असेसमेंटसाठी, म्हणजे शाळेतच तपासल्या जाणाऱ्या कामासाठी, वापरलेले काम पुन्हा येथे वापरता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची मदत घेतली असेल तर तिचा उल्लेख इतर कोणत्याही स्रोताप्रमाणे करणे बंधनकारक आहे, आणि त्या साधनाने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही शैक्षणिक अप्रामाणिकता ठरते, जिच्यामुळे सगळा डिप्लोमा धोक्यात येतो.

टीओकेचे मूल्यमापन दोन कामांतून होते. एक्झिबिशनला 10 गुण असतात. ते शाळेतील शिक्षक देतात आणि आयबी त्यांची नमुना-तपासणी करते. टीओकेच्या स्वतंत्र निबंधालाही 10 गुण असतात, पण तो बाहेरचे परीक्षक तपासतात आणि त्याचे वजन दुप्पट, म्हणजे एकूण मूल्यमापनाच्या दोन तृतीयांश असते. मुले एक्झिबिशनच्या सजावटीत रमतात आणि निबंध शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. वजनाचा हिशेब पाहता हे उलट व्हायला हवे.

तरीही एक्झिबिशनवर थोडे थांबू या, कारण ते चांगले जमले तर निबंधाची विचारपद्धती तिथेच हाताशी येते. दिलेल्या 35 प्रश्नांपैकी एक निवडून, प्रत्यक्ष जगातील तीन वस्तूंच्या आधारे, 950 शब्दांच्या आत त्याचे उत्तर शोधायचे असते. समजा प्रश्न आहे, ‘एखाद्या दाव्यासाठी चांगला पुरावा कशाला म्हणावे?’ आणि विद्यार्थ्याने वस्तू म्हणून सातबारा उतारा निवडला. ‘सातबारा हा जमिनीचा कागद आहे’ इतके लिहून भागत नाही, कारण ती वस्तू न राहता एक सर्वसाधारण प्रकार होतो. आपल्या आजोबांच्या गावच्या एका ठरावीक गटाचा, अमुक साली काढलेला, घडीवर फाटलेला तो उतारा हवा. मग त्याच्याकडे पाहावे. गावकरी त्याला मालकीचा पुरावा मानतात. कायदा मात्र त्याला महसुली नोंद मानतो, जी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण जी स्वतःहून मालकी निर्माण करत नाही. गाव नमुना सातमध्ये हक्कांची नोंद असते आणि बारामध्ये पिकांची. ही पीकपाहणी पूर्वी तलाठी लिहीत, आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवू शकतो. एकाच कागदावर दोन प्रकारची माहिती, दोन वेगळ्या व्यक्तींनी भरलेली, आणि दोन्हींवरचा विश्वास वेगळ्या कारणांनी ठेवलेला! प्रश्नाचे उत्तर या निरीक्षणातून निघते आणि परीक्षकाला तेच हवे असते. एक सूचना मात्र पाळावी: एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी तीच वस्तू वापरायची नसते, तेव्हा निवड शिक्षकांना आधी सांगून ठेवावी.

टीओके निबंधासाठी प्रत्येक सत्राला सहा शीर्षके जाहीर होतात, तीही अंतिम मुदतीच्या सहा महिने आधी. त्यातले एक जसेच्या तसे घ्यायचे, एक शब्दही बदलायचा नाही, आणि 1600 शब्दांत मांडणी पूर्ण करायची. शिक्षकांशी तीन नोंदवलेल्या भेटी होतात आणि येथेही पूर्ण मसुद्यावर लेखी अभिप्राय एकदाच मिळतो. शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारून त्याचा अर्थ आपण कसा घेतो हे पहिल्याच भेटीत शिक्षकांसमोर बोलून दाखवावे. प्रत्येक दाव्यापाठोपाठ एक नेमके उदाहरण आणि त्या दाव्याला छेद देणारी एक बाजू यावी. गॅलिलिओ आणि ‘पृथ्वी सपाट आहे’ हीच उदाहरणे शेकडो निबंधांत येतात. आपल्या सहा विषयांपैकी एखाद्यात आपण स्वतः शिकलेली घटना त्यापेक्षा कितीतरी चांगली, कारण तिच्यातले बारकावे आपल्याला माहीत असतात.

कॅस सलग 18 महिने चालते. त्याला ठरावीक तास नाहीत, पण सात अपेक्षित निष्पत्ती आहेत, किमान एक महिन्याचा एक प्रकल्प आहे आणि कॅस सल्लागारांशी तीन औपचारिक मुलाखती आहेत. येथे अडचण कामाची नसते, नोंदींची असते. ‘आज वस्तीतल्या मुलांना गणित शिकवले, छान वाटले’ या नोंदीतून काहीही सिद्ध होत नाही. ‘अपूर्णांक भाकरीच्या तुकड्यांवर समजावले, तीन मुलांना कळले, दोघांना नाही, म्हणून पुढच्या शनिवारी पट्टीवर मोजून दाखवणार’ यातून होते. दर रविवारी अर्धा तास काढून ही नोंद लिहावी. शेवटच्या टर्ममध्ये दीड वर्ष आठवून लिहिणाऱ्या मुलांचा जो वेळ जातो, तोच वेळ टीओके निबंधाच्या दुसऱ्या मसुद्याला मिळायला हवा होता.

मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि गुणपत्रकावर दोन्ही श्रेणी तसेच त्यांतून मिळालेले गुण वेगळे दाखवलेले असतात. ऑफरची अट एका गुणाने हुकली असेल, तर शाळेच्या आयबी कोऑर्डिनेटरमार्फत एक्स्टेंडेड एसेची किंवा टीओके निबंधाची फेरतपासणी मागता येते. मात्र श्रेणी वर जाऊ शकते तशी खालीही येऊ शकते, म्हणून विद्यार्थ्याची संमती घेतली जाते. अर्ज करण्यापूर्वी पुन्हा तोच तक्ता समोर ठेवावा. बी आणि सी असलेल्या मुलाने केवळ सी असलेला निबंध तपासायला दिला, तर तो बी झाला तरी एकूण गुण तेवढेच राहतात, आणि डी झाला तर हातातला एक गुण जातो.