कामगार गप्प का बसतात? सुरक्षेतल्या या चुका टाळा

"आमच्या लोकांना सुरक्षेचं गांभीर्यच नाही," असं म्हणणारा मालक भेटला की मी आधी त्याच्या गेटवरची पाटी बघतो. बहुतेक वेळा तिथे 'अपघाताविना इतके दिवस' असं लिहिलेलं असतं, आणि १०० दिवस भरले की सगळ्यांना बक्षीस. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मीही ती केली आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणून नवा होतो, पाटी हौसेने मीच लावली. ९२व्या दिवशी प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या मशीनवर, एकाचं बोट चेपलं. पठ्ठ्याने फडकं गुंडाळलं, हात खिशात घातला आणि शिफ्ट पुरी केली. नाहीतर अख्ख्या लाइनचं बक्षीस बुडालं असतं. शंभराव्या दिवशीच्या फोटोतही त्याचा हात खिशातच आहे. पुढच्याच आठवड्यात, त्याच प्रेसच्या ढिल्या गार्डपायी, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या आडोशापायी, दुसऱ्याच्या बोटाचं पेर गेलं. पहिल्याला विचारलं, "बोलला का नाहीस?" म्हणाला, "साहेब, गार्डचं दोनदा सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाले, आधी माल काढ."

महिनाअखेरीस त्याने काम सोडलं. मालक म्हणाले, हल्ली निष्ठाच उरली नाही! कंपनीला आपली किती किंमत आहे हे माणूस जोखत असतो आणि तेवढाच जीव कामाला लावतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. त्या प्रेसवर ते मला फुकटात शिकता आलं असतं.

हातमोजे, हेल्मेट वाटले की सुरक्षा झाली, ही दुसरी चूक. आधी धोकाच काढता येतो का बघा, नाहीतर कमी धोक्याची वस्तू वापरा, मग गार्ड आणि तो उघडला की मशीन थांबवणारा इंटरलॉक, मग कामाची पद्धत. हातमोजे सगळ्यात शेवटी. घाईवाले नेमके तिथूनच सुरू करतात, कारण बिल छोटं येतं. काही महाभाग तर तेही पगारातून कापतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१चा करार क्रमांक १५५ स्पष्ट सांगतो, हा खर्च कामगारावर पडता कामा नये.

मशीन थांबवणाऱ्याला चारचौघांत झापू नका. जखमीला पहिला प्रश्न "चूक कोणाची?" हा नको.

आणि थोडक्यात हुकलेल्या अपघातांच्या नोंदी वाढल्या म्हणून घाबरू नका. मला शून्य नोंदींची धडकी भरते. आता माझ्या पाटीवर तक्रारी असतात: कधी आली, कधी मिटली. मिटली की सांगणाऱ्यालाच मशीनपाशी नेऊन दाखवतो. रजिस्टरवर सही त्यानंतर.